टायर आतून का खातो? चपळ गाडीचे स्टेअरिंग, वळण आणि चाकांचे कोन

साताऱ्यातल्या टायरच्या दुकानात थोडा वेळ बसले, तर एक तक्रार हमखास कानावर पडते : बाहेरून टायर नवा दिसतो, पण आतल्या कडेला तार निघाली आहे. तक्रार करणाऱ्याची गाडी बहुधा टर्बो इंजिनाची चपळ हॅचबॅक असते. तिला मूळच्यापेक्षा रुंद टायर आणि बुटक्या स्प्रिंगा लावलेल्या असतात, आणि मालकाचे दुसरे दुखणे असे असते की एवढे सगळे करूनही यवतेश्वरच्या घाटात गाडीचे नाक वळणाच्या बाहेरच जाते. यावर मिळणारे उत्तर ठरलेले आहे : गाडी वळायला चांगली हवी असेल तर टायर जाणारच, आणि टायर टिकवायचे असतील तर सावकाश चालवा. माझे मत याच्या उलट आहे. शर्यतीची गोष्ट वेगळी; पण रोजच्या रस्त्यावरच्या गाडीत टायर एका कडेने खाणे आणि स्टेअरिंग धड न लागणे, ही बहुतेक वेळा एकाच बिघाडाची दोन रूपे असतात आणि एकाच कामाने दोन्ही सुधारतात.

हे समजण्यासाठी टायर रस्त्याला नेमका किती टेकतो, इथून सुरुवात करावी लागते. पुढची चाके ओढणाऱ्या, म्हणजे इंजिनाची ताकद पुढच्या चाकांना देणाऱ्या, साधारण ११०० किलोच्या गाडीत माणसे बसल्यावर पुढच्या एकेका चाकावर सुमारे साडेतीनशे किलो भार येतो. टायरमध्ये ३३ पीएसआय हवा असेल, तर तो दाब दर चौरस सेंटिमीटरला सुमारे २.३ किलो होतो. भागाकार केला की उत्तर येते दीडशे चौरस सेंटिमीटर, म्हणजे साधारण १७ सेंटिमीटर रुंद आणि ९ सेंटिमीटर लांब असा रबराचा चौकोन. टायरच्या भिंतीही थोडा भार पेलतात, त्यामुळे हा आकडा ढोबळ आहे. पण स्टेअरिंग, ब्रेक आणि वेग यांचा सगळा व्यवहार अशा चार चौकोनांवरच चालतो, हे त्यातून स्पष्ट व्हावे. चौकोनाची एक कड उचलली गेली, तर उरलेल्या कडेवर भार वाढतो, ती कड लवकर झिजते आणि पकडही कमी होते.

दुसरी गोष्ट थोडी अनपेक्षित आहे. वळणात टायर ज्या दिशेला तोंड करून असतो, त्याच दिशेला तो जात नाही. त्याचे तोंड वळणाच्या किंचित जास्त आत असते आणि प्रत्यक्ष वाटचाल किंचित बाहेरून होते. या दोन दिशांमधल्या कोनाला स्लिप अँगल म्हणतात. रबर या कोनामुळे पिळले जाते आणि त्या पिळातूनच गाडीला वळवणारे बल तयार होते. नेहमीच्या वळणात हा कोन दोन-तीन अंशांचा असतो. साध्या रेडियल टायरची पकड साधारण सहा ते दहा अंशांच्या दरम्यान शिखराला पोहोचते आणि त्यानंतर टायर घसरू लागतो. पिळले गेलेले रबर रस्त्यावरून सुटताना थोडे घासतेच. म्हणजे वळणातली झीज ही वळण्याची किंमत आहे, ती द्यावीच लागते. मात्र महामार्गावर सरळ जातानाही टायर तिरपा घासत असेल, तर ती निव्वळ उधळपट्टी आहे. गाडी सुधारण्याचे सगळे काम या दोन झिजांमधला फरक ओळखून करायचे असते.

टो : कोन लहान, खर्च मोठा

गाडीकडे वरून पाहिले असता पुढच्या दोन चाकांची तोंडे एकमेकांकडे किंचित वळलेली असतील, तर त्याला टो-इन म्हणतात. एकमेकांपासून फाकलेली असतील, तर टो-आउट. हा कोन इतका बारीक असतो की डोळ्याला दिसत नाही, म्हणूनच त्याच्याकडे दुर्लक्ष होते. पण हिशेब करून पाहावा. १६ इंची रिमचा व्यास ४०६ मिलिमीटर असतो. एकूण टो-आउट ३ मिलिमीटर, म्हणजे प्रत्येक चाकाच्या वाट्याला दीड मिलिमीटर आले, तर गाडी एक किलोमीटर सरळ पुढे जाताना प्रत्येक पुढचे चाक सुमारे ३.७ मीटर आडवे जाऊ पाहते. पलीकडच्या बाजूचे पुढचे चाक तेवढ्याच ओढीने विरुद्ध दिशेला जाऊ पाहत असल्याने गाडी सरळच चालते, चालकाला काही जाणवत नाही, आणि ते आडवे अंतर रबर आपल्या अंगावर घेते. दहा हजार किलोमीटरमध्ये हे अंतर ३७ किलोमीटर होते, म्हणजे जवळपास साताऱ्याहून वाईपर्यंत चाक आडवे ओढत नेल्यासारखे. रबराची लवचीकता यातला काही भाग न घासता सोसते, हे खरे. उरलेला भाग टायरच्या आयुष्यातून वजा होतो.

टोची झीज हाताला कळते आणि ती ओळखायला यंत्र लागत नाही. गाडी थंड असताना, स्टेअरिंग पूर्ण वळवून पुढच्या टायरच्या नक्षीवर तळहात ठेवावा आणि तो टायरच्या बाहेरच्या कडेकडून आतल्या कडेकडे, आणि मग उलट, असा आडवा फिरवावा. एकीकडे जाताना हात गुळगुळीत सरकतो आणि परतताना प्रत्येक पट्टीची धार करवतीच्या दातांसारखी बोचते, असे झाले तर दोष टोचा आहे. आत जाताना गुळगुळीत आणि बाहेर येताना बोचरे लागले, तर टो-इन जास्त आहे. याच्या उलट असेल, तर टो-आउट. तार बाहेर आलेली असेल, तर मात्र हात फिरवू नये, ती बोटात घुसते. दोन्ही बाजूंनी गुळगुळीत, पण एका कडेला नक्षी स्पष्ट कमी असे असेल, तर कॅम्बरकडे वळावे. टायर आतून खाल्ला की दोष सरसकट कॅम्बरवर ढकलला जातो. प्रत्यक्षात करवतीचे दात सापडण्याचे प्रसंग कितीतरी जास्त असतात.

टोचा स्टेअरिंगवर होणारा परिणामही थेट आहे. थोड्या टो-आउटमुळे गाडी वळणात पटकन शिरते, कारण आतले चाक आधीपासूनच वळणाकडे तोंड करून असते. पण सरळ रस्त्यावर तीच गाडी चंचल वाटते. टो-इनमुळे सरळ चाल स्थिर होते आणि वळणाची सुरुवात किंचित सुस्त होते. शर्यतीतल्या गाड्यांना पुढे टो-आउट देतात म्हणून रस्त्यावरच्या गाडीलाही ते द्यावे, हा सल्ला मी मानत नाही. पुणे–बेंगळुरू महामार्गावर ज्याचे महिन्यातले बरेच दिवस जातात, त्याने पुढचा एकूण टो शून्य ते एक मिलिमीटर टो-इन यांच्या दरम्यान ठेवावा. वळणातल्या चपळाईसाठी टोपेक्षा स्वस्त मार्ग आहेत, ते पुढे येतील. मागच्या चाकांना मात्र थोडे टो-इन असायलाच हवे. मागे टो-आउट झाले, तर ब्रेक मारताना किंवा शंभरच्या वेगात लेन बदलताना गाडीचे मागचे अंग स्वतःच्या मनाने वळू लागते, आणि हा दोष चालक बहुधा स्टेअरिंगचा समजतो.

तीव्र वळणात आतले चाक बाहेरच्या चाकापेक्षा जास्त वळावे लागते, कारण त्याचा वर्तुळमार्ग लहान असतो. या रचनेचे पेटंट १८१८ साली इंग्लंडमध्ये ज्याच्या नावावर घेतले गेले, त्या रुडॉल्फ ॲकरमनचे नाव तिला आजही आहे. घोडागाडीसाठी निघालेली ही युक्ती केळघरच्या घाटातल्या वळणावर आजच्या मोटारीच्याही कामी येते. टाय रॉड (स्टेअरिंगचे वळण चाकापर्यंत नेणारी दांडी) वाकला किंवा एका बाजूचा स्टेअरिंग आर्म (ती दांडी चाकाला जिथे जोडलेली असते तो हात) खड्ड्यात मार खाऊन किंचित हलला, तर सरळ असताना टो बरोबर दिसतो आणि वळताना बिघडतो. अलाइनमेंट, म्हणजे चाकांचे कोन जुळवण्याचे काम, तीनदा करूनही टायर खातच असेल, तर हे तपासून घ्यावे.

कॅम्बर आणि घाटाचे वळण

समोरून पाहताना चाक उभ्या रेषेपासून किती कललेले आहे, तो कोन म्हणजे कॅम्बर. चाकाचा वरचा भाग गाडीकडे कललेला असेल, तर कॅम्बर ऋण. बाहेर कललेला असेल, तर धन. आपल्याकडच्या बहुतेक चपळ हॅचबॅकमध्ये, आय-२० एन लाइन, पोलो जीटी, स्विफ्ट या सगळ्यांत, पुढे मॅकफर्सन स्ट्रट (स्प्रिंग आणि शॉकअब्सॉर्बर एकत्र असलेला उभा खांब) आणि मागे ट्विस्ट बीम (मागची दोन चाके जोडणारी, पीळ घेणारी आडवी तुळई) असते. अर्ल मॅकफर्सन या अमेरिकी अभियंत्याची ही स्ट्रट १९५० साली फोर्डच्या कॉन्सल गाडीतून गाजली. ती स्वस्त, आटोपशीर आणि टिकाऊ आहे, पण तिच्यात एक उणीव आहे. गाडी वळणात बाहेर कलली की बाहेरचे पुढचे चाकही जवळजवळ तिच्याबरोबरच बाहेर कलते.

याचा अर्थ घाटात नीट दिसतो. यवतेश्वराकडे चढताना उजव्या वळणात गाडी डावीकडे कलते आणि बहुतेक भार डाव्या पुढच्या चाकावर जातो. समजा, गाडी ३ अंश कलली आणि त्यातले सव्वादोन अंश चाकाच्या वाट्याला आले. मूळ कॅम्बर उणे अर्धा अंश असेल, तर त्या क्षणी डावे चाक रस्त्याच्या तुलनेत पावणेदोन अंश बाहेर कललेले असते. ज्या चौकोनाचा हिशेब वर केला, त्याची आतली कड हलकी होते, सगळा भार टायरच्या बाहेरच्या खांद्यावर, म्हणजे नक्षीच्या बाहेरच्या कडेवर, जातो, गाडी नाक बाहेर काढते, चालक स्टेअरिंग आणखी वळवतो आणि तो खांदा आणखी घासतो. कास, ठोसेघर, महाबळेश्वर अशा फेऱ्या रोज मारणाऱ्या गाड्यांच्या पुढच्या टायरांचे बाहेरचे खांदे गोल झालेले दिसतात, ते यामुळे. इथे कॅम्बर उणे सव्वा अंशापर्यंत नेला, तर वळणात पकड वाढते आणि बाहेरच्या खांद्याची झीजही कमी होते. कॅम्बर वाढवला की टायर खातो, ही समजूत या गाडीपुरती तरी उलटी ठरते.

अर्थात हा हिशेब गाडी कुठे चालते, यावर अवलंबून आहे. ज्याची गाडी पोवई नाका ते एमआयडीसी आणि महिन्यातून दोनदा पुणे एवढीच चालते, त्याला उणे पाऊण अंश पुरेसा आहे; त्याने उणे दोन अंश ठेवले, तर सरळ रस्त्यावर आतली कड झिजत राहील आणि ब्रेकची पकडही थोडी कमी होईल. घाट आणि महामार्ग निम्मे-निम्मे असतील, तर उणे एक ते उणे दीड अंश ही मर्यादा मला योग्य वाटते, मात्र टो शून्याजवळ असला पाहिजे. ऋण कॅम्बर आणि टो-आउट एकत्र आले, तर आतल्या कडेला उरतेच काय?

अडचण अशी की स्ट्रट असलेल्या अनेक गाड्यांत कॅम्बर बदलण्याची सोय कंपनीने दिलेलीच नसते. दुकानदार अलाइनमेंट केली म्हणतो, तेव्हा त्याने बहुधा फक्त पुढचा टो बदललेला असतो. कॅम्बरसाठी स्ट्रट आणि नकल (चाक धरून ठेवणारा भाग) जोडणाऱ्या दोन बोल्टांपैकी एकाच्या जागी विकेंद्री, म्हणजे फिरवला की चाकाचा कल बदलणारा, कॅम्बर बोल्ट बसवतात. त्यातून साधारण एक-दीड अंशाची सूट मिळते. बोल्टचे भोक कानशीने लांबवून काम भागवणारे मिस्त्री आहेत, पण भार झेलणाऱ्या जोडावर असली कारागिरी कोणीही करून घेऊ नये. मागच्या ट्विस्ट बीमला तर कॅम्बर बदलण्याची सोय नाही आणि टो बदलण्याचीही नाही. तिथे दुरुस्ती करायची, तर स्टब ॲक्सल (चाक ज्यावर फिरते तो आखूड कणा) आणि बीम यांच्यामध्ये पाचरीसारख्या पातळ चकत्या घालाव्या लागतात. मागचे आकडे कंपनीच्या मर्यादेबाहेर असतील, तर चकत्या घालण्याआधी बीम वाकली आहे का, हे पाहणे शहाणपणाचे आहे. रात्री न दिसलेला एखादा गतिरोधक किंवा खड्डा तेवढे काम करून जातो.

कॅस्टरबद्दल थोडक्यात. बाजूने पाहताना चाक ज्या रेषेभोवती वळते, ती रेषा वरच्या टोकाला मागे झुकलेली असते. मोटारसायकलचा फोर्क असाच झुकलेला दिसतो. या झुकावामुळे वळण संपल्यावर स्टेअरिंग आपोआप सरळ होते आणि वेगात ते हातात भक्कम लागते. कॅस्टर जास्त असला की स्टेअरिंग वळवताच बाहेरच्या चाकाला ऋण कॅम्बर आपोआप मिळतो, आणि सरळ जाताना त्याचा टायरवर काही भार पडत नाही. म्हणून वळण सुधारण्याच्या मार्गांत तो मला सर्वांत सभ्य वाटतो. दोन बाजूंच्या कॅस्टरमध्ये अर्ध्या अंशाहून जास्त फरक पडला, तर गाडी कमी कॅस्टरच्या बाजूला ओढते. मात्र ओढ लागली की लगेच कॅस्टरवर बोट ठेवू नये. आपण डावीकडून चालतो आणि पाणी वाहून जावे म्हणून रस्त्याला डावीकडे उतार असतो, त्यामुळे निरोगी गाडीही किंचित डावीकडे सरकते. मोकळ्या रस्त्यावर उजवीकडच्या लेनमध्ये नेऊन पाहावे. तरीही ओढ राहिली, तर पुढचे दोन टायर डावे-उजवे बदलावेत, अर्थात ते एकाच दिशेने फिरणारे नसतील तर. ओढीची बाजू बदलली, तर दोष टायरच्या बांधणीत आहे आणि अलाइनमेंटवर खर्च करण्यात अर्थ नाही.

गाडी खाली बसवल्यावर

बुटक्या स्प्रिंगांनी गाडी देखणी दिसते, यात वाद नाही. पण स्ट्रटच्या गाडीत खाली बसवण्याचे परिणाम अपेक्षेपेक्षा वेगळे असतात. गाडीचे वजन जिथे एकवटते, तो बिंदू स्प्रिंग कापली तेवढाच खाली येतो. गाडी ज्या काल्पनिक बिंदूभोवती कलते, तो मात्र लोअर आर्म (चाकाचा खालचा भाग गाडीला जोडणारे हात) वरच्या दिशेला तिरके झाल्यामुळे त्याहून जास्त खाली जातो. दोन बिंदूंमधले अंतर वाढते आणि गाडीला कलवणारी तरफ लांब होते. स्प्रिंग पुरेशी कडक नसेल, तर खाली बसवलेली गाडी मूळ गाडीपेक्षा जास्तच कलते. शिवाय टाय रॉडचा कोन बदलल्यामुळे चाक वर-खाली होताना टोही बदलू लागतो. मग खड्ड्यातून जाताना स्टेअरिंग सरळ धरलेले असूनही गाडी एकदा इकडे, एकदा तिकडे हुंगते. सुरुवातीला सांगितलेल्या टायरची आतली कड गेली, ती बहुधा अशी : स्प्रिंगा बदलल्या, टो आपोआप बदलला आणि त्यानंतर अलाइनमेंट करून घेण्याचे राहून गेले, किंवा स्प्रिंगा बसायच्या आतच ती केली गेली.

सातारा जिल्ह्यातल्या रस्त्यांवर, जिथे गाळपाच्या हंगामात उसाच्या ट्रॉल्यांनी डांबर दाबून खोल चाकोऱ्या पाडलेल्या असतात आणि पावसाळ्यानंतर घाटातल्या कडा तुटलेल्या असतात, तिथे २०–२५ मिलिमीटरपेक्षा गाडी खाली आणणे मला पटत नाही. त्याच पैशांत चांगले शॉकअब्सॉर्बर घ्यावेत. झिजलेला शॉकअब्सॉर्बर चाकाला रस्त्यावर दाबून धरू शकत नाही. चाक उड्या मारते आणि टायरच्या घेरावर ठरावीक अंतराने बशीसारखे खड्डे पडतात. हात नक्षीच्या आडव्या दिशेने न फिरवता घेराच्या दिशेने फिरवला की ते लागतात, आणि कालांतराने बेअरिंग गेल्यासारखा घूं घूं आवाज येऊ लागतो. शॉकअब्सॉर्बरनंतर मागचा जाड स्टॅबिलायझर बार, म्हणजे डावे-उजवे चाक जोडून गाडीचे कलणे रोखणारी पोलादी दांडी. तो मागच्या अंगाचे कलणे कमी करतो, पुढच्या बाहेरच्या टायरवरचा बोजा थोडा मागे वाटून घेतो आणि नाक बाहेर जाण्याची खोड कमी होते. सरळ रस्त्यावर त्याचा टायरच्या झिजेशी काही संबंध नाही. फार जाड बार मात्र पावसात मागचे अंग घसरवू शकतो, हे आपल्याकडच्या पावसाळ्यात लक्षात ठेवावे.

टायर आणि रिम मोठे करताना एकूण व्यास मूळच्या जवळ राहिला पाहिजे. १९५/५५ आर १६ या टायरचा व्यास सुमारे ६२१ मिलिमीटर असतो आणि २१५/४५ आर १७ चा सुमारे ६२५. एवढा फरक चालतो. पण भिंतीची उंची १०७ वरून ९७ मिलिमीटरवर येते, आणि खड्ड्यात रिम वाकण्याचा किंवा टायरला फुगा येण्याचा धोका वाढतो. रुंद टायर उसाच्या ट्रॉल्यांनी पाडलेल्या चाकोऱ्यांच्या मागे धावतो, हेही सोसावे लागते. रिमचा ऑफसेट (रिमच्या मध्यापासून बोल्टची बैठक किती आत-बाहेर आहे ते अंतर) बदलून चाके बाहेर काढली, तर खड्ड्याचा आणि ब्रेकचा प्रत्येक हिसका स्टेअरिंगवर येतो. चाक कमानीत भरल्यासारखे दिसावे, एवढ्यासाठी स्पेसर (रिम आणि हब यांच्यामधली जाड चकती) घालणे मला अजिबात मान्य नाही. गाडीचे मूळ स्वरूप बदलण्यावर मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ ची बंधने आहेत आणि सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये ती स्पष्ट केली आहेत, त्यामुळे मोठ्या बदलांआधी आरटीओत विचारून घेणे इष्ट.

हवेबद्दल एवढेच, की ती थंड टायरमध्ये मोजावी, कारण तापमान सुमारे साडेपाच अंश सेल्सिअसने वाढले की दाब साधारण एक पीएसआयने वाढतो. पाचवडच्या पंपावर गरम टायरमधली हवा ३३ वर आणली, तर दुसऱ्या दिवशी सकाळी ती २९–३० भरते. कमी हवेने दोन्ही खांदे जातात, जास्त हवेने मधला पट्टा.

अलाइनमेंटच्या दुकानात

काम कोणत्या क्रमाने करायचे, यावर निम्मे यश अवलंबून असते. आधी ढिलेपणा काढायचा, मग उंची ठरवायची, मग कॅम्बर आणि कॅस्टर, आणि सर्वांत शेवटी टो. कारण आधीचे काहीही बदलले की टो बदलतोच. ढिलेपणा तपासायला गाडी जॅकवर घेऊन, खाली स्टँड लावून, चाक घड्याळातल्या नऊ आणि तीनच्या जागी धरून हलवावे. टाय रॉड एंड झिजला असेल, तर टकटक हाताला लागते. बारा आणि सहाच्या जागी धरून हलवल्यावर खेळ आढळला, तर बॉल जॉइंट किंवा बेअरिंग पाहावे. लोअर आर्मचा मागचा बुश (जोडातला रबराचा तुकडा) टॉमी, म्हणजे लहान पहार, घालून उचकटून पाहावा. त्याच्या रबराला आरपार चीर गेली असेल, तर ॲक्सिलरेटर दाबला की चाक एकीकडे आणि ब्रेक मारला की दुसरीकडे सरकते, आणि यंत्रावर उभी असताना बरोबर दिसणारी गाडी चालताना वेगळेच आकडे दाखवत असते. फाटका बुश ठेवून केलेली अलाइनमेंट म्हणजे पावतीचे पैसे.

यंत्राच्या पडद्यावर सगळे हिरवे दिसले की काम संपले, असे मानू नये. कंपनीने दिलेली मर्यादा रुंद असते. तिच्या एका टोकाला डावे चाक आणि दुसऱ्या टोकाला उजवे असले तरी पडदा हिरवाच राहतो. आधीचे आणि नंतरचे आकडे छापलेला कागद मागून घ्यावा, मागचे आकडेही पाहावेत, आणि डाव्या-उजव्या कॅम्बरमधला फरक अर्ध्या अंशाच्या आत असावा असा आग्रह धरावा. टायरांत हवा सारखी असावी, स्टेअरिंग कुलपाने सरळ बांधलेले असावे, आणि ज्याची गाडी बहुतेक वेळा एकट्यानेच चालते, त्याने चालकाच्या जागी तेवढे वजन ठेवायला सांगितले, तर कोणी हसले तरी हरकत नाही.

कागदावर विश्वास बसत नसेल, तर टो घरीही मोजता येतो. सपाट फरशीवर गाडी काही मीटर पुढे ढकलून, मागे न घेता थांबवावी. शक्य असल्यास पुढच्या चाकांखाली ग्रीस लावलेले पत्र्याचे दोन-दोन तुकडे ठेवावेत, म्हणजे टायर अडकून बसत नाही. दोन्ही बाजूंना, चाकाच्या मध्याच्या उंचीवर, गवंड्याची लाइनदोरी चार स्टँडांना ताणून बांधावी. पुढच्या दोन हबांपासून दोरीचे अंतर डावीकडे-उजवीकडे सारखे आणि मागच्या दोन हबांपासूनही सारखे येईपर्यंत स्टँड सरकवावेत. पुढचे अंतर आणि मागचे अंतर मात्र एकमेकांएवढे असण्याची गरज नाही, कारण दोन ॲक्सलांची रुंदी वेगळी असते. मग पोलादी पट्टीने दोरीपासून रिमच्या पुढच्या आणि मागच्या कडेचे अंतर घ्यावे. पुढच्या कडेपाशी १५१ आणि मागच्या कडेपाशी १५० मिलिमीटर आले, तर त्या चाकाला एक मिलिमीटर टो-इन आहे. तास-दीड तास जातो, पण यंत्राचे सेन्सर कधी तपासले होते, हा प्रश्न उरत नाही.

चालवण्याचाही वाटा आहे. वळणात शिरल्यावर ब्रेक दाबत राहणे आणि स्टेअरिंग पूर्ण वळलेले असताना ॲक्सिलरेटर दाबणे, या दोन सवयी पुढच्या बाहेरच्या खांद्याला कोणत्याही कोनापेक्षा लवकर संपवतात. पुढची चाके ओढणाऱ्या गाडीत आठ-दहा हजार किलोमीटरला पुढचे-मागचे टायर बदलून लावले, तर चारही सारखे झिजतात.

बदल लागू पडला की नाही, हे नक्षीची खोली मोजणारे साधे गेज सांगते. प्रत्येक टायरची खोली आतल्या, मधल्या आणि बाहेरच्या खोबणीत मोजून लिहून ठेवावी आणि पाच हजार किलोमीटरनंतर पुन्हा मोजावी. ८ मिलिमीटरचा नवा टायर १.६ मिलिमीटरच्या खुणेपर्यंत चाळीस हजार किलोमीटर चालायचा असेल, तर पाच हजारांत ०.८ मिलिमीटर झीज व्हायला हवी. आतली १.१ आणि बाहेरची ०.७ आली, तर आतली कड एकोणतीस हजारांतच संपेल. अशा वेळी तळहात पुन्हा नक्षीवर आडवा फिरवावा : धार बोचली, तर टो शून्याकडे आणावा, गुळगुळीत लागले, तर कॅम्बर पाव अंशाने कमी करावा, टो पुन्हा जुळवून घ्यावा आणि पुढच्या पाच हजारांनंतर परत मोजावे.